थांबा कोण म्हणणार?

२०१४ साली अमेरिकेत एकाच खेळाची जन्मकथा सांगणारी दोन पुस्तकं निघाली. पहिलं 'इज धिस लीगल?', आर्ट डेव्ही या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने शॉन व्हीलॉक या समालोचकाच्या मदतीने लिहिलेलं. पहिली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप ज्याने निर्माण केली त्यानेच सांगितलेली आतली गोष्ट, असं त्याच्या मुखपृष्ठावरच जाहीर केलं आहे. दुसरं 'गॉडफादर्स ऑफ एमएमए', बिल व्हायोला ज्युनियर आणि फ्रेड अ‍ॅडम्स यांचं. त्याच्या मते हा खेळ त्याआधी तेरा वर्षं, १९८० साली, पश्चिम पेनसिल्व्हेनियात जन्मला आणि त्याचे जनक दोघे, फ्रँक कॅलिग्युरी आणि बिल व्हायोला. लेखकाचं नाव वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल की हा त्यातल्या एकाचा मुलगा. म्हणजे एका पुस्तकात बाप स्वतःच साक्षीला उभा आहे आणि दुसऱ्यात मुलगा बापासाठी उभा आहे.

तुम्ही म्हणाल, या भांडणात आपल्याला काय रस? पण जरा आपल्याच घरांकडे बघा. शनिवारी सकाळी मराठी शाळा आणि दुपारी किराणा दुकानाशेजारच्या गाळ्यातला ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा वर्ग, असा दिनक्रम असलेली मुलं आता आपल्या मंडळांत काही दुर्मीळ राहिलेली नाहीत. भारतातून आलेले आजी-आजोबा मुलाला दुसऱ्याचा गळा आवळायचा सराव करताना बघतात आणि हळूच विचारतात, "हे ते पिंजऱ्यातलं का रे?" त्यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं असतात. एक, "नाही हो, हे वेगळं, ते रानटी." दुसरं, "अहो, हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे, मल्लविद्या म्हणजे दुसरं काय?" ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. तशीच वरची दोन्ही पुस्तकंही अपुरी आहेत, आणि कारण सारखंच आहे. सगळे 'पहिला कोण?' एवढंच विचारतात. कमीत कमी नियमांच्या लढतीबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळा आहे. लढत सुरू झाल्यावर 'थांबा' कोण म्हणणार, आणि त्याचं ऐकलं जाणार का?

हा प्रश्न हातात धरून आपण दोन्ही जन्मकथा वाचून बघू.

१२ नोव्हेंबर १९९३ची रात्र, डेन्व्हरचं मॅकनिकल्स स्पोर्ट्स अरीना. आठ माणसं, एका रात्रीत बाद फेरीची स्पर्धा, विजेत्याला पन्नास हजार डॉलर्स. मुष्टियोद्धा, सुमो, किकबॉक्सर, कराटेवाला, तायक्वांदोवाला असे निरनिराळ्या विद्यांचे लोक एकमेकांसमोर. वजनगट नाहीत, गुण नाहीत, वेळेची अट नाही. घरबसल्या पैसे मोजून बघण्याच्या केबल वाहिनीवर हा कार्यक्रम दाखवला गेला, आणि जाहिरात होती 'नियम नाहीत'. ती खरी नव्हती. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, हे दोन नियम होते. मात्र ते मोडले तरी शिक्षा दंडाची. लढत त्यामुळे थांबणार नव्हती. केस ओढणं, डोक्याने धडक देणं, जांघेत मारणं चालत होतं. लढत संपायचे मार्ग ठरलेले होते. एकजण बेशुद्ध पडेल, किंवा हाताने थोपटून हार मानेल, किंवा त्याच्या बाजूचा माणूस आत टॉवेल फेकेल. पंच आत उभा होता, पण आपल्या मर्जीने लढत थांबवायचा अधिकार त्याला दिलेला नव्हता.

पहिलीच लढत बघा. टेला टुली हा प्रचंड देहाचा सुमो आणि जेरार्ड गोर्डो हा उंच, सडपातळ डच लढवय्या. टुली धावून गेला, तोल जाऊन खाली पडला, आणि गोर्डोने बसलेल्या माणसाच्या तोंडावर लाथ मारली. दात उडाला. तेवढ्यात पंच मध्ये पडला. सव्वीस सेकंदांत सगळं आटोपलं, पण त्यानंतरचे काही क्षण जास्त बोलके आहेत. आता नेमकं काय झालं, लढत संपली की थांबली, हे कुणालाच सांगता येईना. ज्याला अधिकार नव्हता त्याने माणुसकीपोटी हात मध्ये घातला होता. 'नियम नाहीत' ही जाहिरात प्रत्यक्ष माणसाच्या तोंडावर आदळली तेव्हा अर्ध्या मिनिटातच तिचा धीर सुटला, हे त्या चित्रफितीत स्पष्ट दिसतं.

त्याच रात्रीची दुसरी एक लढत तीस वर्षं चेष्टेचा विषय झाली आहे. आर्ट जिमरसन हा व्यावसायिक मुष्टियोद्धा एकाच हातात मोजा घालून आला. समोर रॉयस ग्रेसी, सुमारे ऐंशी किलोंचा, पांढऱ्या गणवेशातला. ग्रेसीने त्याला खाली घेतलं आणि छातीवर बसला. ना गळा आवळला होता ना हात पिरगळला होता. जिमरसनने जमिनीवर थोपटलं, खेळ खलास. लोक हसले, अजून हसतात. पण नीट पाहिलं तर त्या रात्री तिथल्या आठांमध्ये आपल्याला यातलं काही कळत नाही हे वेळेत ओळखणारा हाच एक माणूस होता. थांबवायचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे नसेल तर तो स्वतः वापरावा लागतो, आणि त्याने तो वापरला.

रॉयसने त्या रात्रीच्या तिन्ही लढती अशाच जिंकल्या, समोरच्याला थोपटायला लावून. अंतिम लढतीत गोर्डोने त्याचा कान चावला, म्हणजे दोन नियमांपैकी एक मोडलाच. आणि गोर्डो थोपटत असतानाही रॉयसने पकड लगेच सोडली नाही. जगाला त्या रात्रीचं रक्त लक्षात राहिलं. माझ्या मते त्या रात्रीची खरी देणगी म्हणजे ते थोपटणं. ब्राझीलमध्ये ग्रेसी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही एक साधी खूण होती. हरणारा स्वतः ठरवतो की आता बास, आणि जिंकणाऱ्याने त्याच क्षणी हात सोडायचा. तुमच्या मुलाच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. गळा कसा आवळायचा ते नंतर येतं.

आता डेव्हीच्या पुस्तकाकडे. त्याच्या नावातला प्रश्न आहे, हे कायदेशीर आहे का? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कसं शोधलं, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मुष्टियुद्धावर देखरेख ठेवणारी मंडळं राज्याराज्यांत असतात. कोलोरॅडोमध्ये त्या वेळी असं मंडळ नव्हतं, आणि उघड्या मुठीने लढायला कायद्याची आडकाठी नव्हती. म्हणून डेन्व्हर. म्हणजे 'थांबा' म्हणू शकेल असं कुणी जिथे नव्हतं, ती जागा निवडली गेली. डेव्ही गोष्ट रंगवून सांगणारा माणूस आहे आणि पुस्तक वाचायला मजा येते, पण ही गोष्ट चातुर्याची म्हणून सांगितली जाते तेव्हा वाचकाने क्षणभर थबकायला हवं.

दुसरंही एक. स्पर्धेचा सहसंस्थापक होता रॉयसचा थोरला भाऊ रोरियन ग्रेसी. घराण्याची विद्या श्रेष्ठ आहे हे अमेरिकेला दाखवणं हा त्याचा उघड हेतू होता. वेळेची अट नाही, फेऱ्या नाहीत, उठवून उभं करणारा कुणी नाही, ही परिस्थिती जमिनीवर पडून वाट बघणाऱ्या विद्येला सोयीची होती. तिच्यात फसवणूक नव्हती. पण नियम नसणं हाही एक नियमच असतो, आणि तो कुणाच्या तरी बाजूचा असतो. याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. डिसेंबर १९९४मध्ये तुल्सा इथे झालेल्या चौथ्या स्पर्धेत रॉयस आणि त्याच्याहून कितीतरी वजनदार डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत पंधरा मिनिटांहून जास्त चालली. केबलवरची ठरलेली वेळ संपली आणि अनेक घरांतलं चित्र शेवट होण्याआधीच गेलं. पैसे मोजलेले प्रेक्षक संतापले. त्यानंतर, एप्रिल १९९५च्या पाचव्या स्पर्धेत, वेळेची मर्यादा आली. थोडक्यात, 'नियम नाहीत' म्हणणाऱ्या खेळात घड्याळ आणलं ते टीव्हीच्या वेळापत्रकाने. ते आलं आणि ग्रेसी घराण्याने काढता पाय घेतला.

पंचाला थांबवण्याचा अधिकार मात्र त्याआधीच मिळाला होता. मार्च १९९४च्या दुसऱ्या स्पर्धेत जॉन मॅकार्थी हा लॉस एंजेलिसचा पोलीस पंच म्हणून आत उभा राहिला आणि बचाव करण्याची ताकद संपलेल्या माणसांवर कोपराचे घाव बसताना त्याला पाहत राहावं लागलं. अधिकार द्या, नाहीतर मी येत नाही, असं त्याने सांगितलं. तिसऱ्या स्पर्धेपासून पंचाला लढत थांबवता येऊ लागली. हा खेळ खेळ म्हणून नेमका कधी जन्मला असं मला कुणी विचारलं, तर मी हा क्षण दाखवेन.

आता पेनसिल्व्हेनिया. पिट्सबर्गला आपल्यापैकी बरेचजण पेन हिल्सच्या बालाजीला जाऊन आले असतील. तिथून अ‍ॅलेघेनी नदीच्या काठाने वर गेलं की न्यू केन्सिंग्टन लागतं. एकेकाळी हे अ‍ॅल्युमिनियमचं गाव होतं. पुढे कारखाना गेला आणि गाव ओसरत गेलं. २० मार्च १९८० रोजी तिथल्या हॉलिडे इन हॉटेलात कॅलिग्युरी आणि व्हायोला या कराटेच्या दुनियेतल्या दोघांनी लढतींचा कार्यक्रम लावला. मुष्टियुद्ध, कुस्ती, कराटे, ज्याला जे येतं ते घेऊन त्याने यावं. आले कोण? पोलाद कारखान्यातले, खाणीतले, बारच्या दारावर उभे राहणारे, शाळा-कॉलेजात कुस्ती खेळलेले. ज्या वर्षांत त्या खोऱ्यातल्या भट्ट्या एकामागून एक थंड होत होत्या, त्याच वर्षांत हे कार्यक्रम भरत होते आणि त्यांना गर्दी होत होती.

आणि इथे नियम होते. वजनगट होते, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या, हातांत मोजे होते, गुण देणारे परीक्षक होते, आत पंच होता. डेन्व्हरमध्ये १९९३ साली जे नव्हतं ते बहुतेक सगळं इथे तेरा वर्षं आधी होतं. या कार्यक्रमांना 'टफ गाय' म्हणत. २०१७मध्ये शोटाइम वाहिनीवर त्यांच्यावर 'टफ गाइज' नावाचा माहितीपटही आला.

मग हे बंद का पडलं? एक कारण नावाचं. मिशिगनमधल्या आर्ट डोर या आयोजकाने १९७९पासून 'टफमॅन' नावाच्या स्पर्धा सुरू केल्या होत्या. त्यांत लाथा, पकडी काही नसे. हौशी माणसांना मुष्टियुद्धाचे मोजे घालून एकमेकांसमोर उभं करत. १९८१ साली जॉन्सटाउनमध्ये टफमॅनच्या लढतीनंतर एका तरुणाचा मृत्यू झाला. लोकांच्या आणि आमदारांच्या मनात दोन्ही नावं एकच झाली, आणि १९८३ साली पेनसिल्व्हेनियाने कायदा करून अशा सगळ्या लढतींवर बंदी घातली.

या कायद्याची भाषा हा माझ्या मते सगळ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण कागद आहे. कशावर बंदी ते सांगायचं तर आधी व्याख्या करावी लागते. म्हणून कायदा लिहिणाऱ्यांनी लिहिलं की मुष्टियुद्ध, कुस्ती, कराटेसारख्या विद्या किंवा त्यांचं कुठलंही मिश्रण वापरून, ठोसे, लाथा आणि गळा आवळणं यांच्या साहाय्याने एकमेकांना गारद करण्याची स्पर्धा. आज एमएमए म्हणजे काय असं कुणी विचारलं तर यापेक्षा नेमकं उत्तर सापडणार नाही. 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी त्या खेळाची व्याख्या तयार होती, आणि ती केली होती त्याला पुसून टाकायला निघालेल्यांनी.

व्हायोला ज्युनियरची तक्रार म्हणूनच मला रास्त वाटते. ज्यांनी नियम पाळले त्यांना राज्याने घरी बसवलं, आणि ज्यांनी 'नियम नाहीत' असा डंका पिटला ते इतिहासात गेले. पण तक्रार रास्त आहे म्हणून पुस्तकाचा दावा सिद्ध होत नाही. एक तर जॉन्सटाउनचा मृत्यू 'आमच्या नव्हे, त्यांच्या' कार्यक्रमात झाला, एवढ्यावर बाजू संपत नाही. लढणारे हौशी, कधी पुरेशी तयारी नसलेले, पैशाची निकड असलेले, आणि बाहेरून देखरेख करणारं कुणी नाही, ही परिस्थिती दोन्हीकडे थोडीफार सारखीच होती. आयोजकाने नेमलेला पंच शेवटी आयोजकाचाच पगारी असतो. राज्याचं काम तिथे सुरू होतं. पेनसिल्व्हेनियाने देखरेख करायची सोडून दारच लावून घेतलं, ही राज्याची चूक. पण काळजीचं कारण खोटं नव्हतं.

दुसरं असं की 'पहिला' हा मान तरी कशाने ठरवायचा? सॉल्ट लेक सिटीत २ डिसेंबर १९६३ला जूडोपटू जीन लेबेल आणि मुष्टियोद्धा मिलो सॅव्हेज समोरासमोर आले आणि चौथ्या फेरीत लेबेलने गळा आवळून त्याला बेशुद्ध केलं. १९७६ साली तोक्योत मुहम्मद अली आणि अँटोनिओ इनोकी लढले, तेव्हा इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. ब्राझीलमध्ये 'वाले तुदो', म्हणजे सारं काही चालतं, अशा लढतींची परंपरा त्याच्याही आधीची. मागे जात गेलात तर ग्रीकांच्या पँक्रेशनपर्यंत पोचाल, आणि मजा म्हणजे तिथेही चावायला आणि डोळे फोडायला मनाई होती. डेन्व्हरचे दोन नियम अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच, मग आमची मल्लविद्या? म्हणा जरूर, पण पूर्ण सांगा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाचं प्रकरण आहे, हे खरं. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी आजही होते, हेही खरं. पण त्याच विद्येचं एक दर्शन आपल्याच बडोद्यात घडलं होतं. १८६४ साली खंडेराव गायकवाडांच्या दरबारी आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने ते लिहून ठेवलं आहे. मुठीला शिंगाची नखं बांधलेले, भांग आणि अफूच्या अमलाखालचे मल्ल एकमेकांना ओरबाडत होते, आणि हा खेळ संपणं न संपणं महाराजांच्या मर्जीवर होतं. पूर्वी पोलादी नखं असत, ती क्रूर वाटली म्हणून शिंगाची आली, असंही तो नोंदवतो. बडोद्याचं नाव आपण ग्रंथालयांसाठी आणि सयाजीरावांसाठी अभिमानाने घेतो. हे पानही त्याच बडोद्याचं आहे.

आता आपला प्रश्न या तीन ठिकाणी लावून बघा. बडोद्यात 'थांबा' म्हणणार राजा, आणि तो प्रेक्षकही होता. म्हैसूरला रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपते. तिथे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच ठेवलेला नाही. आणि कोल्हापूरला? शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२पासून उभं आहे. तिथली निकाली कुस्ती म्हणजे घड्याळ नाही, गुण नाहीत, एकजण चितपट होईपर्यंत चालणार. वरवर पाहिलं तर डेन्व्हरसारखीच. पण तिथे ठोसा नाही, लाथ नाही, आणि शेवट कसा ओळखायचा हे मातीवर बसलेल्या शेवटच्या पोरालाही माहीत असतं. पाठ लागली की खलास. रेंगाळलीच तर पंच आणि वस्ताद मंडळी बरोबरीत सोडवतात. नियम थोडे, पण थांबायची जागा सगळ्यांना एकच ठाऊक, म्हणून ती तासन्‌तास चालली तरी रानटी होत नाही. आणि ही जागा डळमळली की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादीवरच्या लढतीत पाठ टेकली की नाही यावर वाद झाला आणि एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली. तिथे काही पिंजरा नव्हता.

अमेरिकेत पुढे काय झालं ते थोडक्यात. १९९६मध्ये सिनेटर जॉन मकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. १९९७मध्ये न्यू यॉर्कने बंदी घातली आणि केबल कंपन्यांनी हात आखडते घेतले. धंदा बुडायला आला तसे नियम वाढत गेले. त्याच वर्षी वजनगट आले आणि मोजे सक्तीचे झाले, १९९९मध्ये फेऱ्या आल्या. २०००-०१च्या सुमारास न्यू जर्सीच्या क्रीडानियंत्रण मंडळाने सगळे नियम एकत्र बांधले, आणि आज बहुतेक ठिकाणी तेच चालतात. वजनगट, ठरावीक फेऱ्या, मोजे, परीक्षक, राज्याने नेमलेला पंच आणि डॉक्टर. शेवटचे दोघे सोडले तर ही यादी न्यू केन्सिंग्टनच्या हॉलिडे इनमध्ये १९८० साली सापडली असती. खुद्द पेनसिल्व्हेनियाने २००९मध्ये दार उघडलं. त्या जुलैत फिलाडेल्फियात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं. आपली माणसं परतली आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात यूएफसी आली. न्यू यॉर्कने २०१६पर्यंत वाट पाहायला लावली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली पहिली यूएफसी झाली १२ नोव्हेंबरला, डेन्व्हरच्या त्या रात्रीला बरोबर तेवीस वर्षं झाली त्या दिवशी.

म्हणून 'हा खेळ रानटी होता, मग सुधारला' ही सरळ गोष्टही मला पटत नाही. काही नियम माणुसकीने आले, काही टीव्हीने आणले, काही कायद्याच्या धाकाने. आणि सगळ्या नियमांनी माणूस सुरक्षित झाला असंही नाही. मोजा मुठीची हाडं वाचवतो. समोरच्याच्या मेंदूचं रक्षण त्याने होत नाही. उघड्या मुठीने डोक्यावर मारणाऱ्याला स्वतःचा हात मोडायची भीती असते, मोजा घातल्यावर ती कमी होते आणि ठोसे वाढतात. बघणाऱ्याला मात्र मोजे घातलेली लढत सभ्य वाटते. सभ्य दिसणं आणि सुरक्षित असणं यांत जे अंतर आहे, त्याबद्दल या दोन्ही जन्मकथांकडून आपल्याला फारसं काही मिळत नाही.

पैशाचा हिशेबही तसाच. २००१ साली यूएफसी वीस लाख डॉलर्सना विकली गेली आणि २०१६ साली सुमारे चार अब्जांना. लढणाऱ्यांनी २०१४मध्ये कंपनीवर दावा लावला. आरोप असा की बाजारपेठ मुठीत ठेवून आमचे मोबदले दाबले गेले. तो दावा साडेसदतीस कोटी डॉलर्सच्या तडजोडीवर मिटला आणि २०२५च्या सुरुवातीला न्यायालयाने तिला मान्यता दिली. बघा, ज्या वर्षी हा दावा दाखल झाला त्याच वर्षी ती दोन पुस्तकं आली होती. खेळाचा बाप कोण यावर दोन पुस्तकं, आणि खेळात रक्त सांडणाऱ्यांच्या वाट्याला किती यावर एक खटला. मला यांतलं एकच वाचायला मिळणार असेल तर मी खटल्याचे कागद वाचेन. कारण करार हीसुद्धा एक पकडच असते, आणि तीत थोपटलं तर सोडायला बांधील कोण, हे तिथे विचारलं गेलं.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला हे शिकायचं असेल तर शिकू द्या. मी तर म्हणेन, शिकूच द्या. फक्त नाव घालण्याआधी एक दिवस वर्गात बसून बघा. भिंतीवर कुठल्या घराण्याची तसबीर आहे, शिक्षकाचा पट्टा कुठल्या रंगाचा आहे, याला फार महत्त्व देऊ नका. एखादं पोर थोपटतं तेव्हा समोरचा हात लगेच सोडतो का, आणि नाही सोडला तर शिक्षक काय करतो, एवढं पाहा. आणि आजी-आजोबांनी पुन्हा विचारलं तर त्यांना शेजारी बसवून तेच दाखवा. तालमीत वस्तादाच्या एका हाकेवर जोड सुटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते दोन मिनिटांत कळेल.